जुने घर विकणे आणि नवे घेणे: तारखांची जुळवणी कशी करावी?

आपल्या प्रश्नाचा सारांश असा आहे. कोथरूडमध्ये पती-पत्नी दोघांच्या नावावर २००९ साली ३२ लाखांना घेतलेली टू बीएचके सदनिका आहे आणि तिच्यावरचे १४ लाखांचे गृहकर्ज अद्याप फिटायचे आहे. आई-वडील कायमचे राहायला आल्यामुळे बाणेर परिसरात पुनर्विक्रीची थ्री बीएचके सदनिका घ्यायची आहे. जुन्या घराचे १ कोटी १५ लाख येतील, नव्याला १ कोटी ६५ लाख लागतील असा आपला अंदाज आहे आणि हाताशी २० लाखांची बचत आहे. मुलगी नववीत आहे. आधी विकावे की आधी घ्यावे, असे आपण विचारता आणि एका एजंटाने ‘चांगले घर हातचे जाईल, आजच टोकन द्या’ असा आग्रह धरल्याचेही लिहिता.

पुनर्विक्रीच्या व्यवहारांची कागदपत्रे तयार करणे, बँकांशी पत्रव्यवहार करणे आणि दस्त नोंदवून देणे हाच माझा अनेक वर्षांचा व्यवसाय असल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. माझ्या मते ‘आधी काय’ हा मूळ प्रश्न नाही. प्रत्येक व्यवहारात विसार (म्हणजेच टोकन, सौदा पक्का करण्याची पहिली रक्कम), साठेखत (विक्रीचा करार), बँकेचा धनादेश आणि ताबा अशा चार तारखा असतात. दोन व्यवहार म्हणजे आठ तारखा. त्यांतील कोणती तारीख पुढे सरकली तर नुकसान कोणाचे होईल आणि ते सोसण्याइतकी रक्कम त्याच्या हातात असेल का, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मिळाले की क्रम आपोआप ठरतो आणि तो प्रत्येक कुटुंबाचा वेगळा असू शकतो.

प्रथम आधी घेण्याचा पर्याय आकड्यांत पाहू. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ७५ लाखांवरील गृहकर्जासाठी बँक घराच्या किमतीच्या कमाल ७५ टक्के रक्कम देऊ शकते आणि या किमतीत मुद्रांक शुल्क व नोंदणी फी धरली जात नाही. म्हणजे १ कोटी ६५ लाखांच्या घरासाठी बँक जास्तीत जास्त १ कोटी २३ लाख ७५ हजार देईल आणि ४१ लाख २५ हजार आपल्याला घालावे लागतील. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह ७ टक्के, म्हणजे ११ लाख ५५ हजार होते. नोंदणी फी ३० हजार, तर एजंटाची दलाली १ टक्का धरली तरी १ लाख ६५ हजार. एकूण पावणेपंचावन्न लाख जुने घर विकण्यापूर्वीच हातात असावे लागतील आणि आपल्याकडे २० लाख आहेत. शिवाय साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरली तर त्या कर्जाचा हप्ता महिना १ लाख ७ हजारांच्या आसपास जातो आणि जुन्या कर्जाचा हप्ता त्याच्या जोडीला चालूच राहतो. तेव्हा आपल्या बाबतीत आधी घेणे शक्यच नाही, आणि हे टोकन देण्यापूर्वी कळलेले बरे.

अशा वेळी बँका अल्प मुदतीचे ब्रिज लोन सुचवतात. जुने घर विकून एकरकमी फेडण्याच्या बोलीवर साधारणपणे दोन वर्षांपर्यंत हे कर्ज मिळते, पण त्याचे व्याज नेहमीच्या गृहकर्जापेक्षा अधिक असते आणि जुन्या घरावर दुसऱ्या बँकेचा बोजा असेल तर ते मिळणे अवघड जाते. माझे मत असे की जुन्या घराचे साठेखत नोंदलेले आहे, ग्राहकाचे कर्ज मंजूर झालेले आहे आणि केवळ धनादेशासाठी तीन-चार आठवडे थांबायचे आहे, अशा स्थितीतच हे कर्ज घ्यावे. ग्राहक अजून मिळायचाच असेल तर ब्रिज लोनमुळे आपण घाईत सापडलेले विक्रेते ठरतो, आणि घाईतला विक्रेता भाव सोडतो हे बाजारातल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

उरतो आधी विकण्याचा मार्ग. आधी विकायचे म्हणजे घर रिकामे करून रस्त्यावर यायचे असे नव्हे. आधी ग्राहक पक्का करायचा, साठेखतात ताब्यासाठी पुरेशी मुदत लिहून घ्यायची आणि त्या मुदतीत नव्या घराचा व्यवहार बसवायचा, असा याचा अर्थ आहे. नवी घरे पाहण्यास आजपासूनच सुरुवात करावी. भाव, इमारतींची अवस्था आणि पाण्याची स्थिती कळायला दोन महिने सहज जातात. विसार मात्र देऊ नये.

ग्राहक शोधण्यापूर्वी दोन कामे उरकावीत. आपल्या बँकेकडून कर्ज पूर्ण फेडण्यासाठी लागणाऱ्या रकमेचे पत्र आणि बँकेच्या ताब्यातील मूळ कागदपत्रांची यादी मागवावी. ही दोन पत्रे हाती असली की ग्राहकाच्या बँकेच्या वकिलाचे निम्मे प्रश्न पहिल्याच भेटीत मिटतात. दुसरे काम सोसायटीतले आहे. शेअर सर्टिफिकेटवर दोघांची नावे चढली आहेत का, देखभाल खर्चाची थकबाकी आहे का आणि ना हरकत दाखल्यासाठी समितीची बैठक केव्हा होते, हे पाहून ठेवावे. हा दाखला कायद्याने हस्तांतरणाची अट नाही, परंतु कर्ज देणारी बँक तो मागतेच आणि ‘सचिव गावाला गेले आहेत’ या एका कारणाने तीन आठवडे गेलेले मी पाहिले आहेत. महापालिका क्षेत्रातील गृहनिर्माण संस्थेला हस्तांतरण शुल्क २५ हजारांहून अधिक घेता येत नाही. ते कोणी भरायचे हेही आधीच ठरवावे.

ग्राहकाने विसार दिला की त्याच्या उत्साहापेक्षा त्याच्या कर्जमंजुरीचे पत्र महत्त्वाचे मानावे. मंजुरीची रक्कम आणि त्याची स्वतःची रक्कम यांची बेरीज ठरलेल्या किमतीइतकी होते का, हे तपासावे. दोन लाख जास्त देणाऱ्या परंतु स्वतःच्याच घराच्या विक्रीवर अवलंबून असलेल्या ग्राहकापेक्षा, मंजुरीपत्र हातात असलेला ग्राहक मी नेहमी निवडायला सांगतो. पहिला ग्राहक घेतला तर आपली साखळी दोन व्यवहारांची न राहता तीन व्यवहारांची होते आणि तिसऱ्या व्यवहारातील माणसांना आपण ओळखतही नसतो.

आता पैशाचा प्रवाह पाहू, कारण सर्वाधिक गुंतागुंत तेथेच आहे. ग्राहकाने ७५ टक्के कर्ज घेतले असे धरले तर त्याची स्वतःची रक्कम २८ लाख ७५ हजार होते. किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असल्यामुळे एकूण किमतीवर १ टक्का, म्हणजे १ लाख १५ हजार त्याला टीडीएस (उगमस्थानी करकपात) म्हणून कापून सरकारकडे भरावे लागतात. ते आपल्याला विवरणपत्रात जमेस मिळतात. उरलेले सत्तावीस लाख साठ हजार साठेखताच्या वेळी आपल्याकडे आले पाहिजेत असे ठरवावे. त्यांतील १४ लाख थेट आपल्या कर्जखात्यात भरून ते खाते बंद करावे. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क लागत नाही. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करणे आणि बोजा उतरवणे रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३पासून बंधनकारक केले आहे आणि बँकेच्या चुकीमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५ हजार रुपये भरपाई मिळते. तरीही वेळापत्रक आखताना हे ३० दिवस पूर्ण धरावेत, कारण कागदपत्रे बहुधा शाखेत नसतात, मध्यवर्ती भांडारातून यावी लागतात. ती हातात आल्याशिवाय ग्राहकाची बँक ८६ लाख २५ हजारांचा धनादेश काढत नाही.

कर्ज फेडल्यावर आपल्याकडे त्या रकमेतील १३ लाख ६० हजार आणि बचतीचे २० लाख, असे ३३ लाख ६० हजार राहतील. याच टप्प्यावर नव्या घराचा विसार द्यावा आणि साठेखत करावे. मुद्रांक व नोंदणीचे ११ लाख ८५ हजार आणि किमतीच्या १० टक्के म्हणून १६ लाख ५० हजार मिळून २८ लाख ३५ हजार होतात. म्हणजे रक्कम पुरते, पण दोन्हीकडच्या दलालीचा हिशोब केल्यावर फारशी शिल्लक राहत नाही, हेही लक्षात ठेवावे. उरलेली किंमत आपल्या ग्राहकाच्या बँकेचा धनादेश आणि सुमारे ६० लाखांचे नवे कर्ज यांतून भागते. त्या कर्जाचा हप्ता वरच्याच दराने ५२ हजारांच्या आसपास येईल. आधी घेतले असते तर पडणाऱ्या हप्त्याच्या हा निम्म्याहूनही कमी आहे.

येथे एक बारकावा आहे. बहुतेक बँका कर्जदाराने स्वतःचा हिस्सा भरल्याचा पुरावा पाहूनच आपली रक्कम सोडतात. आपला हिस्सा तर जुन्या घराच्या विक्रीतून यायचा आहे. त्यामुळे नव्या कर्जाचा अर्ज करतानाच ही गोष्ट लेखी कळवावी आणि विक्रीचे नोंदलेले साठेखत सोबत जोडावे. शक्य असेल तर ग्राहकाचे कर्ज आणि आपले नवे कर्ज एकाच बँकेच्या एकाच शाखेतून व्हावे. व्याजदरात किंचित फरक पडला तरी चालेल. दोन धनादेश लागोपाठच्या दिवशी निघण्याची सोय त्याहून मोलाची आहे.

महाराष्ट्रात ताबा देण्याचे कलम असलेल्या साठेखतावरच पूर्ण मुद्रांक शुल्क भरावे लागते, खरेदीखतापर्यंत (मालकी देणाऱ्या अंतिम दस्तापर्यंत) थांबता येत नाही. म्हणून आपल्या विक्रीचे साठेखत नोंदले जाऊन ग्राहकाची पहिली मोठी रक्कम खात्यात जमा होईपर्यंत नव्या घराचे साठेखत करू नये, असा माझा आग्रह असतो. व्यवहार फिसकटला तर विसाराची रक्कम बोलणी करून परत मिळू शकते. भरलेले साडेअकरा लाख शुल्क परत मिळवण्याचा मार्ग मात्र अर्ज, मुदती आणि खेटे यांनी भरलेला आहे. विसार पावतीतही एक वाक्य अवश्य घालावे: ‘खरेदीदाराच्या सध्याच्या सदनिकेच्या विक्रीची रक्कम अमुक तारखेपर्यंत न मिळाल्यास खरेदीदारास साठ दिवसांची वाढीव मुदत मिळेल आणि त्यानंतरही व्यवहार पूर्ण न झाल्यास विसाराची रक्कम परत केली जाईल.’ प्रत्येक विक्रेता हे मान्य करीलच असे नाही. न करणाऱ्याला विसार लहान ठेवावा किंवा सरळ दुसरे घर पाहावे. विसार धनादेशानेच किंवा खात्यातूनच द्यावा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे.

ताब्याबाबत दोन्ही बाजूंनी ताण असतो. ग्राहकाच्या बँकेने धनादेश दिला की त्याचा हप्ता सुरू होतो आणि त्याला किल्ली हवी असते. आपल्याला मात्र धनादेश वटल्यावर नव्या घराची रक्कम भरून, ते रंगवून मगच हलायचे असते. यासाठी साठेखतात ताबा अंतिम रकमेनंतर ४५ किंवा ६० दिवसांनी देण्याचे लिहावे आणि त्या काळासाठी ग्राहकाला भाड्याइतकी रक्कम द्यावी. ग्राहकाला धास्ती वाटत असेल तर त्याच्या स्वतःच्या हिश्श्यातले तीन-चार लाख ताबा देतेवेळी देण्यासाठी राखून ठेवू द्यावेत. मुदत दोन महिन्यांहून अधिक असेल तर तोंडी समजुतीवर न राहता लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवावा. महाराष्ट्रात अशा कराराची नोंदणी सक्तीची आहे आणि खर्चही फार नाही.

हे जमले नाही तर काही महिने भाड्याच्या घरात राहावे लागेल. ही शक्यता पुष्कळांना संकटासारखी वाटते, पण तिचा हिशोब करून पाहावा. महिना ३५ हजार भाडे धरून चार महिन्यांचे १ लाख ४० हजार आणि दोनदा सामान हलवण्याचा खर्च मिळून दोन-सव्वादोन लाख होतात. नवे घर हातचे जाईल या भीतीने आपले घर ३ टक्के कमी भावाने दिले तर साडेतीन लाख जातात. शिवाय भाड्याने राहणारा, पैसे खात्यात असलेला ग्राहक नव्या घराच्या भावात जी घासाघीस करू शकतो, ती टोकन देऊन अडकलेल्याला करता येत नाही. वयस्कर आई-वडिलांना दोनदा हलवणे सोपे नाही, हे मला मान्य आहे. त्यांची प्रकृती नाजूक असेल तर पैशापेक्षा तो मुद्दा मोठा मानून ग्राहकाकडून लांब मुदतीचा ताबा मिळवण्यासाठी भावात लाखभर सोडावा. मुलगी पुढच्या वर्षी दहावीत जाईल. दहावीच्या वर्षात घर हलवण्यापेक्षा नववीची परीक्षा आणि जून यांच्यामध्ये ते व्हावे, असे मागे मोजत वेळापत्रक आखता येईल.

करांच्या मुदती या सगळ्यांच्या वर लटकत असतात. १९६१च्या आयकर कायद्यातील कलम ५४ नुसार राहते घर विकल्यावर होणारा दीर्घकालीन नफा दुसऱ्या घरात गुंतवला तर त्यावर कर लागत नाही. नव्या आयकर कायद्यात कलमाचा क्रमांक बदलला असला तरी मुदती त्याच आहेत. नवे घर विक्रीच्या आधी एक वर्षात किंवा विक्रीनंतर दोन वर्षांत घेतलेले असावे, बांधायचे असल्यास तीन वर्षांत पूर्ण व्हावे. आधी घेणाऱ्यांचे लक्ष यातील पहिल्या अटीकडे नसते: घर घेतल्यावर जुने घर वर्षभरात विकले गेले नाही, तर त्या खरेदीवर सवलत मिळत नाही. आपल्या बाबतीत हा प्रश्न किती रकमेचा आहे तेही पाहावे. २००९-१०चा महागाई निर्देशांक (जुनी खरेदी किंमत महागाईनुसार वाढवून धरण्यासाठी सरकार जाहीर करते तो आकडा) १४८ आणि २०२५-२६चा ३७६ धरला तर ३२ लाखांची खरेदी ८१ लाखांच्या पुढे जाते आणि २० टक्क्यांनी कर पावणेसात लाखांच्या आसपास येतो. निर्देशांकाविना साडेबारा टक्क्यांनी तो दहा लाखांच्या वर जातो. २३ जुलै २०२४पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी भारतीयांना यांतील कमी कर भरता येतो आणि नवे घर मुदतीत घेतले तर दोन्ही टळतात. विवरणपत्राच्या अंतिम तारखेपर्यंत नवे घर झाले नसेल तर नफ्याची रक्कम बँकेतील कॅपिटल गेन्स खात्यात ठेवावी; साध्या मुदत ठेवीत ठेवलेली रक्कम या सवलतीसाठी धरली जात नाही.

यावरूनच एक सावधगिरीची सूचना. नवे घर केवळ पत्नीच्या नावावर घेतले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, म्हणजे आपले १ लाख ६५ हजार वाचतील. परंतु जुने घर दोघांच्या नावावर असल्यामुळे नफाही दोघांचा आहे, आणि नव्या घरात पतीचे नाव नसेल तर त्याच्या वाट्यावरील सवलत आयकर अधिकारी नाकारण्याचा संभव असतो. हा निर्णय मुद्रांक भरण्यापूर्वी आपल्या चार्टर्ड अकाउंटंटकडून लेखी सल्ला घेऊन करावा.

काही परिस्थितींत माझे उत्तर वेगळे असते. जुन्या घरावर कर्ज नसेल, दोघांचेही उत्पन्न भक्कम असेल आणि त्याच सोसायटीत हवे तसे घर क्वचितच निघत असेल, तर आधी घेणे मला अयोग्य वाटत नाही. बांधकाम चालू असलेले घर घ्यायचे असेल तर पैसे टप्प्याटप्प्याने जातात आणि जुन्या घरात राहता येते, पण ५ टक्के जीएसटी लागतो आणि ताबा लांबला तर कलम ५४च्या मुदतीचा वाद उभा राहतो. बाणेरमध्ये आणखी एक प्रकार वारंवार दिसतो: घराचा मालक परदेशात असतो. अशा विक्रेत्याला १ टक्का टीडीएस लागू होत नाही, त्याहून बरीच मोठी रक्कम कापावी लागते. ती कमी करून घेण्याचा दाखला विक्रेत्याने आयकर खात्याकडून आणायचा असतो आणि त्यात कित्येक आठवडे जातात. एजंटाने दाखवलेले घर अशा मालकाचे आहे का, हे विसारापूर्वी विचारून घ्यावे. असेल तर दाखला येईपर्यंत आपल्या ग्राहकाकडूनही तेवढीच मुदत मिळवावी लागेल.

मुहूर्ताबद्दलही आपण विचारले आहे. पाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसऱ्याच्या सुमारास ग्राहक अधिक असतात, पितृपक्षात विसार देणारे कमी होतात. विकायचे असेल तर दसऱ्यापूर्वी महिनाभर जाहिरात सुरू करावी, इतकाच त्याचा उपयोग. रेडी रेकनरचे दर (मुद्रांक शुल्कासाठी सरकार ठरवते ते किमान दर) १ एप्रिलला बदलतात, त्यामुळे मार्चअखेरीस दुय्यम निबंधक कार्यालयांत गर्दी उसळते. आपला दस्त तेथे अडकू नये म्हणून मार्चचा शेवटचा आठवडा वेळापत्रकातून वगळावा.

एजंटाला आज एवढेच कळवावे की घर पसंत आहे, परंतु आमचे साठेखत नोंदले जाईपर्यंत विसार देणार नाही. मालकाला खरोखर विकायचे असेल आणि भाव बाजाराप्रमाणे असेल, तर दीड-दोन महिन्यांनंतरही ते घर शिल्लक असण्याची शक्यता आपल्याला सांगितली जाते त्याहून पुष्कळ अधिक असते. दरम्यान बँकेकडे कर्जफेडीच्या रकमेचे पत्र मागण्याचा अर्ज याच आठवड्यात द्यावा.